फ्रेडरिक येईपर्यंत कलप

१५ ऑगस्ट १९५१, बुधवार
आजपासून केस काळे करायचे. आज देवमातेचा सण, वर स्वातंत्र्यदिन. याहून चांगला मुहूर्त मिळणार नाही.
वय छप्पन्न. हे काही केस पिकायचं वय नव्हे. दोष आमच्या सांडोर गावच्या विहिरीचा. तिच्या पाण्याला खार आहे. केळीला चालतो, डोक्याला चालत नाही. बायकोला, रेजिनाला, हे समजावलं. ती म्हणाली, त्याच पाण्याने मीही बत्तीस वर्षं न्हाते, माझे अजून निम्मे काळे आहेत. बायकांच्या केसांची जात वेगळी असते.
खरं कारण फक्त इथे लिहितो. आमचा मुलगा फ्रेडरिक बोटीवर नोकरीला गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता. लढाईत बोट बुडाली. कंपनीने कळवलं, बेपत्ता. बेपत्ता म्हणजे पत्ता लागत नाही, एवढंच. त्याला आठ वर्षं झाली. उद्या पोरगा वसई स्टेशनात उतरला आणि समोर पांढऱ्या डोक्याचा म्हातारा दिसला, तर ओळखणार कसा? आणि ओळखलंच तर वाटेल, माझ्या काळजीने पिकला. त्याने सोडला तसाच बाप त्याला सापडला पाहिजे.

१८ ऑगस्ट
मेंदी, आवळा, माका. रात्रभर लोखंडी कढईत भिजवलं. सकाळी थापलं. दुपारी धुतलं.
रिझल्ट: तांबडा.
कुंपणापलीकडचा चुलतभाऊ थॉमस म्हणाला, डोक्यावर कौलं पडली का रे? त्याचं स्वतःचं डोकं कापसासारखं पांढरं. जळतो. रेजिनाचं म्हणणं, कढई आता कालवणाच्या कामाची राहिली नाही. मोठ्या कामात कढईचा विचार करायचा नसतो.

२५ ऑगस्ट
घरगुती उपाय बंद. वसई बाजारात काशीराम न्हाव्याकडे गेलो. त्याच्याकडे मुंबईहून आलेला खरा कलप असतो. काम झाल्यावर आरसा धरून म्हणाला, तिशीतले दिसता. काशीराम खोटं बोलणारा माणूस नाही. एक बाटली घरी आणली.
आता फ्रेडरिकने खुशाल यावं.

२६ ऑगस्ट
उशी काळी. उशीचा कापूसच हलका असणार.

२ सप्टेंबर, रविवार
बायजा कोळीण पाचूबंदराहून बोंबील घेऊन आली. टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "बाबा, तुमच्या मानेवरनं कालं पानी उतरतंय." मी म्हटलं, घाम आहे. ती म्हणाली, "घाम कदी काला असतो व्हय?" रेजिना आत जाऊन हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मान लगेच पुसली नाही.
मग दोघी ओट्यावर बसल्या. बायजाचा नवरा दर्यात गेला तो परत आलाच नाही. ती सांगत होती, "चार वरसं मी वाट बगितली. मंग बांगड्या दर्यात सोडल्या नि घरी येऊन निजले. त्या राती झोप लागली बाय मला." आणि माझ्याकडे बघत होती.
तिची गोष्ट वेगळी. त्याची होडी लहान. फ्रेडरिकची आगबोट, तीन मजली.

१० ऑक्टोबर, बुधवार
फार ऊन. केळ्यांची सुकेळी चांगली वाळतायत, पण कलप टिकत नाही. आठवड्याला एकदा लावायचा बेत होता, दोनदा लावावा लागतो.
संध्याकाळी रोजरीची जपमाळ म्हटली. शेवटी मेलेल्यांसाठी प्रार्थना येते तेव्हा मी नेहमी गाय बघायला गोठ्यात जातो. आज गाय आधीच बांधलेली होती, म्हणून बसून राहिलो. रेजिनाने त्यात फ्रेडरिकचं नाव घेतलं. हळू, पण घेतलं.
भांडण झालं. ती म्हणाली, दोन नोव्हेंबरला देवळात फादर मेलेल्यांची नावं वाचतात, यंदा मी पोराचं नाव देणार. मी म्हटलं, जिवंत माणसाचं नाव त्या यादीत वाचलं तर पाप कोणाच्या माथी? ती म्हणाली, "तुमच्या भीतीने आठ वर्षं मी माझ्या पोरासाठी धड रडलेसुद्धा नाही."
वर आणखी म्हणाली, हे काळं कोणासाठी करता? त्याच्या पहिल्या कम्युनियनला, तो आठ वर्षांचा असतानाच, तुमची कानशिलं पिकली होती. मांडीवर बसून तो तुमचे पांढरे केस उपटायचा आणि केसामागे एक सुकेळं मागायचा.
असं काही झाल्याचं मला आठवत नाही. बाई दुःखाने काहीबाही बोलते.
गोठ्यात गेल्यावर डोळ्यांतून फार पाणी आलं. कलप डोळ्यांना झोंबत असावा. काशीरामला विचारलं पाहिजे.

२८ ऑक्टोबर, रविवार
बायजा सकाळीच धावत आली. टोपलीसुद्धा नव्हती. "बाजारात बोटीवरचा पोरगा आलाय. फ्रेडरिकचं घर कुटं म्हून इचारत व्हता. मी वाट सांगितली. उद्या येनार हाय."
मी म्हटलंच होतं!
रेजिनाला शंका, की आपलंच घर कोण कशाला विचारील? आठ वर्षांत रस्ता विसरला असेल. त्या वेळी नाक्यावरचा क्रॉसही लाकडी होता, आता सिमेंटचा झाला. पोरगं गोंधळणारच.
कलप दोन हात लावला. भुवयांनाही. मिशीला जरा जास्त लागला.

२९ ऑक्टोबर, सोमवार
सकाळपासून वाडीच्या फाटकात उभा होतो. धुतलेला शर्ट. मान सारखी पुसत होतो.
दहाच्या सुमाराला एक माणूस आला. उंची तेवढीच. चाल जहाजावरच्या माणसाची. जवळ आला तर कानशिलं पांढरी. म्हणजे तो नव्हे. फ्रेडरिकचा एकही केस पांढरा नाही.
त्याने मला नीट बघितलं आणि विचारलं, "काका, फ्रेडरिकचे बाबा इथेच राहतात ना? पांढऱ्या डोक्याचे?"
बोटीवरचा माणूस. फ्रेडरिक नव्हे, पण त्याच्याकडून आलेला. हातात टोपी घेऊन उभा. टोपी हातात घेऊन कोणी चांगली बातमी आणत नाही.
मी म्हटलं, इथे पांढऱ्या डोक्याचं कोणी नाही. पलीकडे विचारा. आणि थॉमसच्या घराकडे बोट दाखवलं.
खोटं काही बोललो नाही.

२९ ऑक्टोबर, संध्याकाळ
थॉमस त्याला हाताला धरून घेऊन आला. आज मला चिडवलं नाही. थॉमसने चिडवलं नाही की भीती वाटते.
नाव सॅन्टन, उत्तनचा. फ्रेडरिकबरोबर एकाच बोटीवर होता. ओट्यावर न बसता उभ्यानेच सांगत होता. बोटीत पाणी शिरलं तेव्हा फ्रेडरिक खाली इंजिनाशी होता. "मी वरून हाका मारल्या, काका. घसा फुटेस्तोवर मारल्या. तो वर आला नाही." नंतर हा परदेशात इस्पितळात होता, मग दुसऱ्या बोटींवर. इतकी वर्षं आमच्या दारात यायची हिंमत झाली नाही, म्हणाला. मी वाचलो हे तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू?
रेजिनाने त्याला पाणी दिलं आणि पोटाशी धरलं.
मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, सकाळी मी तुम्हाला ओळखलंच नाही. फ्रेडरिक नेहमी सांगायचा, "धक्क्यावर कितीही गर्दी असू दे, माझा बाबा लांबून दिसतो. सगळ्यांत पांढरं डोकं त्याचं." लहानपणी ते केस उपटून सुकेळी कमावली, हेही सांगायचा. सगळ्या बोटीला ठाऊक होतं.
मला पुढे ऐकू आलं नाही. केळीत जाऊन बसलो.
म्हणजे तो आला असता, तर मला बघून पुढे गेला असता.

१ नोव्हेंबर, गुरुवार
काशीरामकडे गेलो. मुळापर्यंत बारीक कापायला सांगितलं. तो म्हणाला, कापतो, पण खाली सगळं पांढरं निघेल, कलपाचा एक हात फिरवू? नको म्हटलं.
केस जमिनीवर काळेच पडले. डोकं पांढरं निघालं.
विहिरीचं पाणी आज ओंजळीने पिऊन बघितलं. गोड आहे. पहिल्यापासून गोडच होतं.
काशीरामकडून येताना देवळात जाऊन नाव दिलं. मी दिलं. रेजिनाला धाडलं नाही.

२ नोव्हेंबर १९५१, शुक्रवार
फादरनी नाव वाचलं. इतर नावांसारखंच वाचलं, थांबले नाहीत. रेजिना मोठ्याने रडली. मीही रडलो. डोळ्यांत आज कलप नव्हता.
आमच्याकडे मेणबत्ती लावायला थडगं नाही, म्हणून सिमेट्रीतल्या मोठ्या क्रॉसखाली लावली. वाऱ्याने दोनदा विझली. सॅन्टनने हाताचा आडोसा केला तेव्हा राहिली. एक सुकेळं खिशातून नेलं होतं. ठेवताना लाज वाटली, परत आणलं.
सॅन्टन फ्रेडरिकच्याच वयाचा, एकतीसचा. मेणबत्तीच्या उजेडात त्याची पांढरी कानशिलं बघत होतो. आमच्या घराण्यातही तिशीत असंच होतं. माझं झालं, माझ्या बापाचं झालं. यंदा फ्रेडरिकचं झालं असतं. मी त्याला चिडवलं असतं. केसामागे एक सुकेळं मागितलं असतं.
आता त्याचे पिकणार नाहीत. आमच्या घरात काळं डोकं तेवढं त्याचं.