‘थांबा’च्या पुढ्यातला फलक

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
रस्ते देखभाल विभाग.

विषय : शाळेजवळच्या चौकातील ‘अपघातप्रवण क्षेत्र’ हा फलक बाजूला घेण्याबाबत.

संदर्भ : माझे आधीचे दोन अर्ज व आपले ‘कार्यवाही पूर्ण’ हे उत्तर.

महोदय,

आतल्या खोलीत वाटीवर चमचा वाजला, म्हणून हा अर्ज पहिल्याच ओळीवर थांबला होता. माझे पती आता अशीच हाक मारतात. ते पुन्हा झोपले आहेत, मुलगी शाळेत आहे, तेवढ्यात लिहून पुरे करते. अक्षर सांभाळून घ्यावे.

१. सदर चौकात बाजूच्या रस्त्याने येणाऱ्या गाड्यांसाठी ‘थांबा’ अशी पाटी आहे. तिच्या पुढ्यात गाद्यांच्या दुकानाची जाहिरात होती. बाजूने आलेली मोटार न थांबता चौकात शिरली आणि स्कूटरवरून कामाला निघालेल्या माझ्या पतींना तिने उडवले. ते सुतार आहेत. उजवा हात आणि वाचा गेली.

२. मोटार चालवणारा तरुण आईला घेऊन दवाखान्यात आला होता. मान खाली घालून म्हणाला, “ताई, पाटी होती तरी कुठे?” त्याला बोल लावायला माझी जीभ उचलली नाही. मी तिथे उभी राहून पाहिले आहे. पाटी दिसत नाही.

३. पहिल्या अर्जानंतर आपण जाहिरात उतरवलीत, याबद्दल आभारी आहे. परंतु त्याच दोन खांबांवर ‘अपघातप्रवण क्षेत्र’ हा फलक चढवला गेला. तो जाहिरातीहून हातभर रुंद आहे. ‘थांबा’ आता पार झाकली गेली.

४. कचेरीत चौकशी केली असता लिपिकांनी समजावले की, ठिकाण सुरक्षित झाल्याच्या अहवालाशिवाय हा फलक हलत नाही. फलक हलल्याशिवाय ठिकाण सुरक्षित कसे व्हायचे, असे विचारले, तर त्यांनी तोच नियम पुन्हा वाचून दाखवला. ‘थांबा’ची पाटी पुढे आणावी, तर ते नवीन काम ठरते, आणि त्यासाठी तिथे कोणी दगावलेले असावे लागते. “तुमचा माणूस वाचला ना बाई, मग निकषात बसत नाही,” असे ते म्हणाले. मनाने वाईट नाहीत, मला बसायला खुर्ची दिली. महोदय, माझे पती वाचले याबद्दल मी आपल्या विभागाची माफी मागावी काय?

५. मी भरपाई मागत नाही. शेजारच्या काकू मुलीला शाळेत सोडत, त्या आता गाव सोडून चालल्या. पतींना एकटे ठेवता येत नाही, उठायला जातात आणि पडतात. सोमवारपासून पोर तो चौक एकटी ओलांडणार आहे. त्याआधी फलक हलावा. खांब लाकडी आहेत, पतींची करवत घरात पडून आहे. ती हातात घेण्याची वेळ माझ्यावर आणू नये, ही कळकळीची विनंती.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
जखमीची पत्नी

सोबत : मोटारचालकाच्या जागेवरून काढलेले चौकाचे छायाचित्र. ‘थांबा’ची पाटी त्यात आहे, परंतु दिसणार नाही.

ता. क. : मुलगी आत्ताच आली. रस्ता ओलांडताना हात दाखवायचा, म्हणजे गाडी थांबते, असे तिला शिकवत होते. तिने विचारले, “बाबांनी हात नव्हता दाखवला?”