आडवी पेरणी

दादा, या वर्षी आपल्या तिन्ही पट्ट्यांत ज्वारी आडवी पेरली. तुमच्या वेळेपासून पाभर माथ्यावरून ओढ्याकडे जायची. या वर्षी ती धाकट्या चुलत्यांच्या पट्टीतून आपल्या पट्टीत आली आणि आपल्यातून मधल्या चुलत्यांच्या पट्टीत गेली, कुठंही न थांबता. हे एवढं लिहायला मला दोन दिवस लागले. दोनदा लिहून खोडलं. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली, तरी असलं काही लिहिताना मी दाराकडे बघतो. नातीच्या जुन्या वहीतली मागची कोरी पानं घेतली आहेत. माझी शाळा सहावीत सुटली हे तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा चुकलं-माकलं तर तिच्या वहीला बोल लावू नका.

तुम्ही वाटणी केली तो दिवस मला अजून दिसतो. उन्हाळा होता, माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. तुम्ही ना पंच बोलावले ना तलाठी. मोटेचा जुना नाडा खांद्यावर टाकला, दोघा धाकट्या भावांना बरोबर घेतलं आणि मला म्हणालात, चल, टोक धर. जमीन आडवी वाटली असती तर एकाच्या पदरात माथ्यावरचा नुसता मुरूम पडला असता आणि दुसऱ्याला ओढ्याकडची सगळी काळी मिळाली असती. म्हणून तुम्ही ती उभी वाटलीत. माथ्यापासून ओढ्यापर्यंत तीन लांबच लांब पट्ट्या, म्हणजे प्रत्येकाला थोडा मुरूम, थोडी बरड आणि खाली थोडी काळी. मग भावांना म्हणालात, आधी तुमी उचला. त्यांनी कडेच्या दोन उचलल्या, कारण मधल्या पट्टीला दोन्हीकडून बांध, म्हणजे दोन्हीकडून भांडण. ती तुम्ही हसत घेतलीत. संध्याकाळपर्यंत दोन बांध घालून झाले आणि तुम्ही त्यावर उभे राहून सगळ्यांना ऐकवलंत, "हे दोन बांध हायेत तवर तुमी भाऊ-भाऊ हाय. हे मोडले तर घर मोडलं." कुणी मान वर केली नाही. मी तर आजही करत नाही.

त्याच सालच्या नांगरटीला बैल बांधाला जरा जास्त लागून गेले. नांगराचं एक तास बांधातनं गेलं, हातभर रुंद. मला वाटलं कुणाला दिसणार नाही. तुम्ही जेवायला बसला होता, भाकरी तशीच ठेवून आलात. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त पाटी माझ्या हातात दिलीत आणि सांडलेली माती ओंजळी-ओंजळीनं पुन्हा बांधावर चढवायला लावलीत, दुपारच्या उन्हात, नवी सून बघत असताना. "दुसऱ्याची माती पोटात ऱ्हात न्हाई लेका," एवढंच म्हणालात. तुमची सून अजून त्या दिवसाची आठवण काढते आणि पदर तोंडाला लावते.

पण दादा, एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली नाही आणि माझ्याही. पट्ट्या उभ्या, म्हणून नांगरट उभी, पेरणी उभी. नांगराचं प्रत्येक तास म्हणजे पाण्याला खाली पळायला केलेली वाट. बांधाच्या कडेनं तर पाण्यानं घळ पाडली, दरसाल खोल होत जाणारी. पाऊस झाला की ओढा चहासारखा लाल व्हायचा. तुम्ही ओढ्याच्या काठावर उभे राहून म्हणायचात, चाललं बघ आपलं रान. मी शेजारी उभा राहून हळहळायचो. मग आपण दोघं घरी यायचो आणि पुढच्या साली पुन्हा उभं नांगरायचो. मुरूम उतरत-उतरत अर्ध्या पट्टीपर्यंत आला. तुमच्या मागं मी विहिरीला दोनदा आडवे बोअर मारले आणि दोन्ही कोरडे गेले.

गेल्या वर्षी गावात पाणलोटाचं काम आलं. त्या कामावर एक मॅडम आहेत, आपल्या नातीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. पायात बूट, डोक्याला रुमाल. दोन काठ्यांना पाण्याची पारदर्शक नळी बांधलेली असते, दोन्हीकडचं पाणी सारखं झालं की ती दोन ठिकाणं एका पातळीवर. तिथं खुंटी ठोकायची, पुढं जायचं आणि मागून चुन्याची फक्की टाकायची. त्या पांढऱ्या रेघेवर मातीची आडवी ताल घालायची, म्हणजे पाणी तिथं थांबतं आणि मुरतं. मला हे लगेच पटलं, पण ती रेघ तुमच्या दोन्ही बांधांना कापून जात होती. मॅडम म्हणाल्या, ताल तिन्ही पट्ट्यांतून सलग पाहिजे, आणि हे उभे बांध काढून घळ बुजवली नाही तर पाणी त्याच वाटेनं ताल फोडून जाईल. तिघांच्या सह्या लागतील. एकानं नाही म्हटलं तरी हा सगळा उतार सोडून माती उकरायचं मशीन पुढच्या उताराला जाईल.

तेव्हापासून मला अन्न गोड लागेना. मधल्या चुलत्यांचा मुलगा चाकणला कंपनीत असतो, त्यानं मोबाईलवर कळवलं, तुम्ही दोघं हो म्हणा, माझं हो धरा. आता ते दोघं म्हणजे मी आणि धाकट्या चुलत्यांचा मुलगा. त्याच्याशी माझं बोलणं नऊ वर्षं बंद. त्यानं मोजणीचा अर्ज दिला होता, भाऊनं, म्हणजे मी, बांध कोरला म्हणून. मोजणीच्या दिवशी मोजणीवाले आले नाहीत, पुन्हा कुणी बोलावलंही नाही, पण बोलणं गेलं ते गेलंच. हिवरे बाजार बघायला गावातनं टेम्पो गेला तेव्हा मी गेलो नाही, मागं घराला कोण, म्हणून. तुमची सून गेली. आली ती बोलतच आली. तिथं कसं गवत आहे, दुधाचे कॅन कसे भरतात, बाया ग्रामसभेत कशा बोलतात. रात्रीची भाकरी वाढतानाही तेच. शेवटी मी म्हणालो, पण दादांनी सांगितलं होतं बांध मोडायचा नाही. ती ताट ठेवून म्हणाली, "मामंजींनी सांगितलं तवा ओढ्याला पाणी हुतं. आता बांध बी हाय आन् ओढा बी हाय. काय पिताय त्यातलं?"

मग तो दिवस आला. मॅडम नळी घेऊन आपल्या आणि धाकट्यांच्या बांधावर उभ्या होत्या. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो, दोघांची तोंडं दोन दिशांना. त्यांच्या हातात तुम्ही मागाहून तलाठ्याकडं नोंदवलेल्या वाटणीचा कागद होता. त्या सहज म्हणाल्या, कागदावर बांध चार फुटांचा आहे, इथं तर मांजराचा पाय मावेना. बाकीचा कुठं गेला? तो म्हणाला, उंदरांनी खाल्ला. मॅडम म्हणाल्या, कुणाच्या बाजूच्या? तुमची ती पाटी, ती दुपार, सगळं डोळ्यांपुढं आलं. आणि कसं कोण जाणे, माझ्या तोंडातून निघून गेलं की या बाजूनं मी. दादा गेल्यावर दर नांगरटीला थोडं-थोडं. फार नाही, एका बोटाएवढं.

त्यानं नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "दरसाल?"

"दरसाल," मी म्हणालो.

तो मटकन खाली बसला आणि हसायला लागला, पोट धरून. मला वाटलं, याला काही झालं की काय. डोळे पुसत म्हणाला, "भाऊ, मी बी. दरसाल. आन् मला हेच कोडं, की बांध येवढा बारीक झालाय ते तुला दिसत कसं न्हाई." मोजणीचा अर्ज त्यानंच दिला होता आणि मोजणीवाल्यांना येऊ नका म्हणून सांगायला तोच पळाला होता, आपलीच चोरी निघायची म्हणून. मला हे कळलं तेव्हा मीही खाली बसलो. तुमची सून लांब धुणं वाळत घालत होती, तिला वाटलं दोघं भांडताहेत. ती ओला पिळा हातात घेऊनच धावत आली.

हसून झाल्यावर मी त्याला तुमचं बोलणं सांगितलं. तोही त्या दिवशी तिथं होता, आपल्या बापाच्या मागं. तो बांधाकडं बघत म्हणाला, "थोरल्या दादांनी वाटणी केली ती आपल्या पोटासाठी. माती वढ्याला जावी म्हनून न्हाई. दोघांनी मिळून येवढा खाल्ला, आता उरलेला पान्याला देऊन टाकू." मी सही केली. माझी सही तुम्हाला माहीत आहे, शेवटचं अक्षर ओळीखाली उतरतं. त्या दिवशी ते सरळ आलं.

मशीन आलं तेव्हा मी मागं-मागं फिरत होतो. डिझेल संपेल का, दगड लागेल का, हद्दीचे दगड ड्रायव्हर हलवेल का. दगड हलले नाहीत. प्रत्येक तालीवर ज्याच्या-त्याच्या हद्दीचा दगड पुरलेला आहे, वाटणी जशी तुम्ही केलीत तशीच आहे. जास्तीचं पाणी काढून द्यायला तालीला दगडी सांडवा ठेवतात. तो मला अरुंद वाटत होता. मी मॅडमना दिवसातून चार वेळा तेच विचारायचो. शेवटी त्यांनी पुन्हा मापं काढली आणि म्हणाल्या, बाबा, तुमचं बरोबर आहे, दोन फूट वाढवू. माझ्या काळजी करण्याचा कुणाला उपयोग झाला, असं सबंध आयुष्यात पहिल्यांदा घडलं. घरी येऊन मी हे तीनदा सांगितलं.

उत्तरा नक्षत्रात पाऊस झाला, चांगला दणदणीत. सकाळी उघडीप झाली आणि मी छत्री घेऊन निघालो. मागून तुमची सून ओरडतेय, चप्पल तरी घाला. रानात पोहोचतो तर धाकट्या चुलत्यांचा मुलगा आधीच तिथं, डोक्याला पोत्याची खोळ, हातात फावडं. ताली भरलेल्या. पाणी या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत सलग उभं, परातीत पीठ मळायला घेतलेलं पाणी असतं ना, तसं स्वस्थ. सांडव्यावरून पातळ चादर खाली उतरतेय, ताल कुठंही फुटलेली नाही. मला तरी धीर कुठला. मी म्हणतोय, त्या कोपऱ्यात पाझरतंय बघ. तो माझा दंड धरून खाली ओढ्याकडं नेतो आणि बोट दाखवतो. "भाऊ, काय दिसतंय?"

ओढा वाहत होता आणि मला त्याच्या तळाचे गोटे दिसत होते. दादा, पावसाच्या दुसऱ्या दिवशी गोटे. आपलं रान कुठंही चाललेलं नव्हतं. आम्ही दोघं म्हातारे काठावर उकिडवे बसलो आणि नुसते बघत राहिलो. त्यानं ओंजळभर पिऊन बघितलं. मी त्याला म्हणालो, पोट बिघडेल. तो म्हणाला, बिघडू दे. मग मीही प्यालो.

चिखल ओसरून वाफसा आल्यावर ट्रॅक्टरची पाभर बोलावली. ड्रायव्हर धाकट्यांच्या पट्टीतून पेरत आला आणि हद्दीच्या दगडापाशी वेग कमी करून विचारू लागला, हितं थांबू का, बियाणं बदलायचं का? आम्ही दोघं एकदमच म्हणालो, न्हाई, जाऊ दे. ती पाभर जशी पुढं गेली तसं माझ्या छातीत काही तरी सुटलं. मालदांडी ज्वारी आता गुडघ्याच्या वर आली आहे. विहिरीत पाणी पायरीला लागलंय, तुमची सून रोज जाऊन पायऱ्या बघून येते. काढणीला दगड बघून ज्याचं-त्याचं कापायचं ठरलंय. तो म्हणतो, ज्वारीची चार ताटं इकडची तिकडं झाली तर आपण दोघंही त्यात मुरलेले आहोत. रोज सकाळी तो चहाला येतो. साखर जास्त झाली म्हणून तुमच्या सुनेला बोलतो आणि दुसरा कप मागतो.

एवढं लिहून झालं. हे पाठवायचं कुठं, हा प्रश्न मला पहिल्या ओळीपासून होता. नातीला विचारलं असतं तर ती हसली असती. घडी करून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवीन, तिथं कुणी पटकन हात घालत नाही.

फक्त एक राहिलं. अगदी माथ्यावर, आपल्या आणि धाकट्यांच्या पट्टीमध्ये, तुम्ही घातलेल्या बांधाचा हातभर तुकडा मी तसाच ठेवला आहे. मशीन तिथं आलं तेव्हा मी मॅडमना सांगितलं की तिथं खाली खडक आहे, दात मोडेल. त्यांनी विश्वास ठेवला. तिथं खडक नाही, दादा. माती आहे.