दारावरची फुली

पंचवटी, नाशिक
६ सप्टेंबर

ती. अक्का,

नमस्कार. हातमागाखालचं पुराचं पाणी उतरलं का? भाऊजींची कंबर कशी आहे? इकडे आम्ही मजेत, असं लिहिणार होते. राहू दे.

गटाराच्या पाण्यात पोलिओ सापडला आणि सगळी मोहीम माझ्या गळ्यात पडली, ते तुला माहीतच आहे. पैसा मंजूर होतोय तोवर पूर आला, निम्मा छावण्यांकडे वळवला. मग हगवणीची साथ, तिकडे गाड्या गेल्या. लस पिंपळगावच्या फ्रीजरमध्ये आणि आणायला टेम्पो नाही! मीटिंगमध्ये मी कडाडले, तर साहेब म्हणे, "अंजलीबाई, एका वेळी एकच संकट घ्या." जसं काही संकटं यांना विचारून येतात!

वेदिका आईची फार आठवण काढते. परवापासून तिचं अंग जरा कोमट आहे. पुरामुळे तू तिला माझ्याकडे धाडलंस, तेव्हा मला किती बरं वाटलं होतं.

एक विचित्रच चाललंय. ज्या घरातलं मूल डोसाविना राहतं, त्या दारावर आम्ही खडूने फुली मारतो. हल्ली रोज सकाळी माझ्याच दारावर फुली असते. मी टीममधल्या सनीला झापलं. तो म्हणाला, "आईशप्पथ मॅडम, मी नाय मारली. आणि बघा ना, ही तुमचीच फुली हे. एक रेघ लांब ओढायची सवय तुमचीच." खरंच तशीच होती गं. मी खडू कपाटात कुलूप लावून ठेवले. फुली पुसते, सकाळी पुन्हा तिथेच. मला दार उघडायची भीती वाटते.

फोन करत नाही, कारण तुझा आवाज ऐकला तर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. मोहिमेच्या उद्घाटनाला लस पोचलीच नव्हती. फोटोवाले खोळंबलेले. मग मॅडमच्या घरचं मूल पहिलं, म्हणून मी वेदिकेच्या तोंडावर रिकामी कुपी धरली आणि करंगळीला शाई लावली. संध्याकाळी पाजू म्हटलं. थोडी लस आली, ती छावण्यांनाच पुरली नाही. नंतर आमच्या टीमच्या पोरी घरी येऊन गेल्या, तिचं शाईचं बोट बघून पुढे गेल्या. आधीचे डोस तुझ्या सासूबाईंनी चुकवलेत, हे मला माहीत होतं अक्का.

काल बाकीची लस घेऊन टेम्पो आला. पहिले थेंब तिलाच पाजले. तोंड वाकडं करून म्हणाली, "मावशी, त्या दिवशी तर काहीच लागलं नव्हतं." मी दार घासून धुतलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

आज सकाळी दार उघडलं. फुली होती. फडकं ओलं करत होते, तेवढ्यात आतून हाक आली.

"मावशी, मी उठले. पण माझा एक पाय उठतच नाही."

रिक्षा येईपर्यंत हे लिहिलं, आता तिला घेऊन दवाखान्यात निघालेय. आमचा ड्रायव्हर महेश हे पत्र आणि गाडी घेऊन येतोय, आहेस तशी बस. थेट दवाखान्यात ये, घराकडे वळू नकोस. आजची फुली मी पुसलेली नाही.

तुझ्या लेकीला सांभाळते म्हणालेली,
अंजली