दुसऱ्या फोटोतला डाग

पप्पा, धाकट्याला टीबी झाला आहे. तुम्हाला झाला होता तोच, फुफ्फुसाचा. गोळ्या सुरू केल्यावर त्याचा ताप उतरला, खोकला कमी झाला, दोन वेळा नीट जेवायला लागला. आता उपचार चालू असतानाच ताप परत आला आहे. मानेला गाठ आली आहे. आज सकाळी उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यात छातीचा नवीन फोटो काढला. जुना आणि नवा मी शेजारी धरून पाहिले. डाग वाढला आहे.

वाळूजच्या कारखान्यात तुम्ही माल तपासायचात. व्हर्निअर कसा धरायचा हे तुम्ही मला स्वयंपाकघरात शिकवलंत, आई भाकरी थापत असताना. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून आपण भाकरीची जाडी मोजली. आई म्हणते, "आता माझ्या भाकरीबी रिजेक्ट करता का?" तुम्ही हसता, आणि लगेच गंभीर होऊन मला सांगता, "माल बिघडायला लागला की आधी मशीन बंद करायची. कारण नंतर शोधायचं." मीही आज एका कारखान्यात क्वालिटीला आहे आणि हा नियम मी एकदाही मोडलेला नाही.

तुम्ही तो स्वतःला लावलात. उपचार चालू असताना तुमचा दुसरा फोटो पहिल्यापेक्षा वाईट आला. तुम्ही तो खिडकीच्या उजेडात धरलात, बराच वेळ पाहिलात आणि म्हणालात, "बिघाड गोळ्यांनी होतोय." त्या दिवसापासून गोळ्या बंद. घरात तपासणीतलं कळणारे तुम्ही एकटेच, तुमच्याशी वाद कोण घालणार? मी दहावीत असताना तुम्ही गेलात.

आज डॉक्टरबाई म्हणाल्या, "औषधाने जंतू मरायला लागले की कधीकधी शरीराची प्रतिकारशक्ती जोमात येते आणि त्या मेलेल्या जंतूंवर तुटून पडते. सूज येते, गाठी येतात, फोटो आधीपेक्षा वाईट दिसतो. म्हणजे रोगच वाढला असं नाही. गोळ्या थांबवायच्या नाहीत." मी विचारलं, औषध लागूच पडत नसेल तर? "तेही असू शकतं. म्हणून थुंकी तपासायला पाठवली आहे. रिपोर्ट येईपर्यंत आहे तेच चालू." तुमच्या वेळी दोन्हींपैकी काय होतं, ते आता कळायला मार्ग नाही.

आम्ही दोघं घरी आलो तर आईने गोळ्यांचं पाकीट डब्यांच्या मागे सारून ठेवलेलं.

"लई झालं. तुझे पप्पा काय येडे व्हते का? आधी मशीन बंद करा, म्हनायचे."

"आई, हे मशीन नाही."

"मंग काय हाय? पोरगं वाळून चाललं माझं, अन् तू कागद वाचत बसती."

धाकटा भिंतीला टेकून बसला होता. "ताई, तुझ्या कंपनीत असा पार्ट आला असता तर?"

"रिजेक्ट केला असता."

"मग?"

"तू पार्ट नाहीस. गोळ्या घे."

मी डब्यांमागून पाकीट काढलं. त्याने हात पुढे करून गोळ्या घेतल्या, पण तोंडात टाकल्या नाहीत. "सूजच आहे ना ती? पक्कं सांग. नायतर मी नाय घेणार."

त्याची नजर माझ्या तोंडावर होती. आईचीही.

"पक्कं," मी म्हणाले.

त्याने एकेक करून सगळ्या गिळल्या. आई पाठ फिरवून ओटा पुसत राहिली, पुसलेलाच ओटा.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तुम्ही असतात तरी ते तुमच्या हातात दिलं नसतं, कारण तुम्ही एकच विचारलं असतं: कशावरून? रिपोर्ट अजून आलेला नाही, पप्पा. मला माहीत नाही.