दम लागला म्हणायचं

प्रिय किनुए,

शाळेत सिस्टर आगाता पटांगणाला फेऱ्या मारायला लावायच्या, तेव्हा आपण दोघी वाळत घातलेल्या चादरींमागे लपून रताळी खायचो, आठवतं? त्या चुकवलेल्या फेऱ्या आता नागासाकीच्या इस्पितळात वसूल होत आहेत.

हृदय थकलं म्हणून आले, तर इथे रोज जागच्या जागी सायकल चालवायला लावतात. मी कुवाहाराबाईंना म्हटलं, "थकलंय हृदय, मग शिक्षा पायांना का?" व्यायाम त्याच घेतात. म्हणाल्या, "पाय तयार झाले की हृदयाचं काम हलकं होतं."

त्या सारखं विचारायच्या, "जड जातंय का?" कुणी आपल्यासाठी इतकं खपत असताना हो कसं म्हणायचं? मी हसून म्हणायचे, "छे, अगदी आरामात!" की त्या सायकल आणखी जड करायच्या. शेवटी एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या सायकलवरचे म्हातारे कोळी माएदा ओरडले, "अहो ताई, खोटं बोलता बोलता मेलात, तर चर्चमध्ये पापाची कबुली कधी देणार?"

तेव्हापासून दम लागला की तसं सांगते. सायकल हलकी झाली आणि मी बळकट. काल जिना चढले, एकदाच थांबून. आपल्या बेटावर टेकडीवरच्या घरी मला एकटीला राहता येईल का, ते डॉक्टर पुढच्या आठवड्यात ठरवतील. संध्याकाळी घोटे जरा सुजतात, एवढंच. तुझे गुडघे कसे आहेत?

तुझी ताई,
सेत्सुको

ता. क. निघताना मी वाटून टाकलेल्या वस्तूंपैकी किटली तुझ्या फुमियोकडेच राहू दे, जपमाळ तू ठेव. चढणीचे बूट मात्र शेजारणीकडून परत आण. ते मला लागतील.