शिक्क्यावरचा विश्वास

ह्यूस्टन, रविवार

प्रिय सुयापा,

गेल्या मंगळवारी भरदुपारी फोन करून मी तुला "आज काय केलंयस जेवायला?" एवढंच विचारलं आणि भोकाड पसरलं. तू म्हणालीस, "ताई, राजमा माझा करपलाय, तू कशाला रडतेस?" बरं वाटलं बाई. तुझा तो फटकळ आवाज ऐकायलाच फोन केला होता. पण का, ते तेव्हा जिभेवर येईना.

आपल्या देशात शिक्केवाला माणूस, नोटरी, म्हणजे कोण, ते तुला सांगायला नको. शेताचे कागद झाले तेव्हा सुनिगा वकिलांच्या दारात बाबा टोपी काढून उभे होते. वकिलांतला वकील असल्याशिवाय आपलं सरकार तसा शिक्का हाती देत नाही. मग इथे चर्चसमोर आपारिसिओसाहेबांच्या टेबलावर तसाच शिक्का दिसला, तेव्हा मीच एदिल्बेर्तोला म्हटलं, "बघ नवरोबा, देव पावला!" इथे तो शिक्का कुणीही अर्ज करून मिळवतो, सही ज्याची त्यानेच केली एवढं सांगण्यापुरता, हे मला कुठे ठाऊक? एदिल्बेर्तो म्हणत होता, आणखी कुणाला तरी विचारू. मीच त्याला गप्प केलं, "तू आपला भिंती रंगव, कागदाचं मला कळतं." कळतं म्हणे!

साहेबांना सगळं सांगितलं. तिकडे एदिल्बेर्तो चालवायचा त्या बसवर दर आठवड्याला हप्ता मागणारी टोळीतली ती पोरं, दाराखालून आत सरकवलेली धमकीची चिठ्ठी, तिच्यावर आमच्या लेकीचं, नायेलीचं नाव. ते नुसती मान हलवत होते, लिहीत काहीच नव्हते. मला वाटलं, काय हुशार माणूस, सगळं डोक्यात ठेवतो! त्यांनी बोट ठेवलं तिथे तिथे मी इंग्रजी कागदांवर सह्या केल्या. वर नाताळात त्यांना केळीच्या पानात गुंडाळलेले मक्याच्या पिठाचे नाकातामाल उकडून नेऊन दिले. मूर्खपणाला काही सीमा!

मंगळवारी कोर्टात न्यायाधीशांनी माझा आश्रयाचा अर्ज हातात घेतला आणि दुभाषी बाई सांगू लागली, "तुमची धाकटी बहीण सुयापा, जिला त्या टोळीने गोळ्या घालून मारलं..." सुये! मला वाटलं, खरंच झालंय, कोर्टाला आधी कळलं आणि मला आत्ता सांगताहेत. तुझं नाव घेऊन मी तिथेच हंबरडा फोडला. न्यायाधीशांनी पाणी मागवलं, पुढची तारीख दिली. बाहेर आल्या आल्या तुला फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग तू उचललास.

चर्चच्या तळघरात एक खऱ्या वकीलबाई फुकट सल्ला देतात, त्यांच्याकडे आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. म्हणाल्या, "बहिणीला मारल्याची हीच गोष्ट त्याने आणखी तिघांच्या अर्जात घातली आहे, फक्त नावं वेगळी." मग चिठ्ठीचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, तुमच्या खऱ्या गोष्टीत दम होता की!" आपारिसिओच्या दुकानाला आता कुलूप आहे. खोटं आपणच आपल्या तोंडाने मागे घ्यायचं, एवढंच हातात उरलंय. न्यायाधीश म्हणतील, सही तुझी, खोटारडी तू. माझं रडणं खरं होतं, पण ते आता कोण मानणार? नायेली विचारते, "आई, मला शाळा सोडावी लागेल का?"

म्हणून हे पत्र. सुनिगा वकिलांकडे जा. एल्विरामावशीला साक्षीला ने आणि लिहून घे, मी सुयापा, ओंदिनाची सख्खी बहीण, जिवंत आहे. शिक्का ठसठशीत उमटू दे. या कागदामुळे ते आम्हाला परत पाठवतीलही, आणि ती पोरं अजून आपल्याच गल्लीच्या तोंडाशी बसतात, हे तूच सांगितलंस. तरीही पाठव. तुला मारून मला इथे राहायचं नाही.

अजून तरी इथली, आणि जन्माची तुझीच,
ओंदिना