मैनाबाईसाठी भरलेली टेप

धानोरा, मंगळवार

संध्याकाळी रेडिओवर माझाच आवाज आला, "प्रभू, मैनाबाईले बरं कर." मैनाबाईले तर शनिवारीच माती दिली. आम्ही इथी पंखा बंद करून, घामानं भिजत प्रार्थनेची टेप भरतो. ती दूरच्या रेडिओ स्टेशनले जाते अन् रेडिओवर लागते महिन्यानं. आजाऱ्याचं नाव नका घेऊ म्हणून पास्टरभाऊले किती सांगितलं! ऐकते कोण? थकली मी.

कसं तोंड दाखवू, पण गेली तिच्या घरी. नवरा रेडिओ मांडीवर घेऊन बसला होता. म्हटलं, "भाऊ, रागावू नका."

"काऊन रागावू? तिचं नाव आजवर कोणी घेतलं? पुढच्या मंगळवारीबी घेसान ना, बाई?"

काय सांगू त्याले? पुढची टेप कधीच गेली. त्यातबी मी 'बरं कर, बरं कर'च म्हणून राह्यली.